काळी ट्रंक, कोरे बूट आणि बॅरेकमधले पहिले दिवस

सैन्यभरतीचा निकाल लागला, चौकात अभिनंदनाचा फलक लागला, गुलाल उधळून झाला. आता ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं पत्र हातात आहे. सोळाशे मीटर पळायची तयारी गावोगावच्या अकॅडम्या करून घेतात. मच्छरदाणीची घडी कशी घालायची आणि बुटाचं टोक कसं चमकवायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि पहिला महिनाभर बोलणी बसतात ती नेमकी याच गोष्टींवरून. बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असो, सागरचं महार रेजिमेंटचं, कामठीचं गार्ड्सचं, खडकीचं बॉम्बे सॅपर्सचं की नाशिक रोडचं तोफखान्याचं. किटची यादी थोडी मागेपुढे होईल, बॅरेकचा कायदा सगळीकडे एकच. सकाळ तुमच्या मालकीची नसते. सकाळी जे लागणार आहे ते आदल्या रात्री तयार पाहिजे. खालचं सगळं या एका कायद्यातून निघालेलं आहे.

निघण्याआधी

सामान एका सॅकमध्ये मावेल एवढंच घ्या. चाकांची सूटकेस गेटपासून बॅरेकपर्यंत खडखडत नेणारा पोरगा संध्याकाळपर्यंत अख्ख्या कंपनीला माहीत होतो, आणि पहिल्या महिन्यात उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, आपलं तोंड पाठ असणं फायद्याचं नसतं. ट्रंकही घरून नेऊ नका. सेंटरच्या कॅन्टीनमध्ये किंवा छावणीच्या बाजारात ठरलेल्या मापाची काळी ट्रंक मिळते, तीच खाटेखाली नीट सरकते. आत्याच्या रुखवतातली फुलाफुलांची पेटी सरकत नाही. शिवाय ती काळी रंगवून घ्यावी लागते ते वेगळंच.

मूळ कागद बटणाच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, झेरॉक्सचे चार संच वेगळे, पासपोर्ट फोटो वीसेक. आधार, पॅन, गुणपत्रिका, रहिवासी, जात आणि चारित्र्याचा दाखला, शिवाय पत्रात जे मागितलं असेल ते. निघण्याआधी एक संध्याकाळ बसून सगळ्या कागदांवरचं नावांचं स्पेलिंग जुळवून पाहा, आईवडिलांच्या कागदांसकट. वडील एका कागदावर ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तू’ असतील तर ते गावात असतानाच दुरुस्त करा. नॉमिनीपासून पुढच्या सगळ्या नोंदी त्याच नावांवर चढतात. गावात हे काम तलाठी आणि सेतू केंद्राच्या दोन-चार खेपांत होतं. एकदा सेंटरच्या रेकॉर्डला चुकीचं नाव चढलं की वर्षानुवर्षं अर्ज लिहीत बसावं लागतं.

फोन सुरुवातीचे काही आठवडे जमा करून घेतात. घरचे, शेजारचे, एखाद्या मित्राचा असे चार-पाच नंबर कागदावर लिहून ठेवा. आईचा नंबर पाठ नाही हे आजच्या पोरांना तिथे गेल्यावरच कळतं.

बारीकसारीक वस्तूंमध्ये हे नक्की हवं: दोन चांगली कुलुपं, प्रत्येकाला तीन किल्ल्या, पांढऱ्या बनियन चार-पाच, रबरी चपला, दाढीचं सामान आणि पात्यांचं एक पाकीट जादा, नेलकटर, मोठ्या सेफ्टी पिना डझनभर, पक्क्या शाईचा काळा मार्कर, जुनी मऊ सुती बनियन एक, ती कशाला ते बुटांच्या वेळी सांगतो. ट्रंकेची एक किल्ली करदोट्याला, दुसरी उशीच्या खोळीत शिवून, तिसरी ज्याच्यावर विश्वास आहे त्या बडीकडे, म्हणजे जोडीदाराकडे. किल्ली हरवली म्हणून कुलूप तोडणं हा बॅरेकमधला फुकटचा तमाशा असतो, तिकीट आपल्या खिशातून जातं.

केस गावातूनच बारीक कापून जायची गरज नाही. हिरोसारखे ठेवून गेलात काय आणि मशीन मारून गेलात काय, तिथला नाई दोघांनाही सारख्याच मापाने काढतो. डोक्याला बुरशी-खरूज असेल तर मात्र औषध आधीच सुरू करा.

किट मिळतं तो दिवस

क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे सामान वाटणाऱ्याच्या, स्टोअरसमोर रांग लागते. आतला स्टोअरमन टेप वापरत नाही. वर-खाली एकदा बघतो आणि माप ठरवतो. सही केली की ते सगळं तुमच्या नावावर चढलं. यापुढे एक मोजा जरी कमी भरला तरी तो तुम्ही हरवला, आणि त्याची किंमत पगारातून जाते. म्हणून सही करण्याआधी सगळं मोजून घ्या. मागे रांग ओरडत असते, ओरडू द्या.

ढोबळमानाने हातात येतं ते असं: गणवेश आणि पीटीचे कपडे, बेरे (गोल लोकरी टोपी), वेब बेल्ट (जाड विणलेल्या पट्टीचा), डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) बूट, पीटीचे बूट, लोकरी मोजे, जर्सी, ब्लँकेट, दरी (सतरंजी), मच्छरदाणी, ग्राउंड शीट, मग आणि थाळी, पाण्याची बाटली, पिट्ठू (पाठीवरची पिशवी), पावसाळी (रेनकोट) आणि ‘हाउसवाइफ’, म्हणजे सुईदोरा आणि बटणांची छोटी पिशवी. लग्न न झालेल्या पोरांच्या किटमध्ये हे नाव वाचून पहिल्या दिवशी हशा होतो. पहिलं बटण तुटलं की कुणी हसत नाही.

तिथेच उभ्या उभ्या चार गोष्टी बघायच्या. दोन्ही बूट एकाच नंबरचे आहेत का आणि एक डावा, एक उजवा आहे का (हसू नका, घाईत दोन डावे घेऊन आलेले असतात). बाटलीचं झाकण घट्ट बसतं का. ती पाण्याने भरून उलटी धरायची सोय नसेल तर तोंड लावून फुंकून बघा. मच्छरदाणी उजेडाकडे धरून भोकं. पिट्ठूच्या सगळ्या पट्ट्या आणि बकलं. फाटकं असेल तर ‘उस्ताद, बदल के दीजिए’ हे वाक्य याच दिवशी चालतं. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याचं उत्तर म्हणजे मैदानाला एक चक्कर.

पॅन्ट ढगळ आली तर घाबरू नका. संध्याकाळी बॅरेकमध्ये आठवडी बाजार भरतो. सांगलीच्या सहाफुट्याला मिळालेली आखूड पॅन्ट आणि नंदुरबारच्या बुटक्याला मिळालेली लांब पॅन्ट एकमेकांना शोधत असतात. बाकीचं सेंटरचा दर्जी बघतो. कंबर आवळून घ्या, पण मांडीत कपडा कमी करू नका, नाहीतर पहिल्याच फ्रंट रोलला, म्हणजे कोलांटीला, शिवण उसवते, तीही जिथे उसवू नये तिथे.

बदलाबदली संपली की त्याच रात्री खुणा घाला. नंबर आणि नाव कॉलरच्या आत, कमरेच्या पट्टीच्या आत, मोज्याच्या तोंडाशी, ग्राउंड शीटच्या कोपऱ्यात. मग आणि थाळीच्या बुडाला खिळ्याने कोरा. मार्कर घासणीने जातो. बादलीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंट. साठ हिरव्या बादल्यांत आपली बादली ‘ओळखीची’ नसते. बॅरेकमध्ये चोरी फारशी होत नाही. फक्त किट-तपासणीच्या आदल्या रात्री बिनखुणेच्या वस्तू चालायला लागतात, आणि ज्याच्याकडे काय कमी आहे त्याच्या खाटेशी जाऊन थांबतात.

बूट

इथे जरा सावकाश वाचा. पहिल्या महिन्यात जितकी पोरं आजारी पडतात, त्यातली बरीच पायामुळे.

बूट नेहमी लोकरी मोजा घालूनच मापावर बघायचा. लेस न बांधता पाय पुढे टोकापर्यंत सरकवा. मागे टाचेशी तुमचं एक बोट बसलं पाहिजे. बोट बसत नसेल तर उतारावर पळताना नखं काळी पडतील. दोन बोटं बसली तर टाच आत खालीवर होईल आणि फोड येईल. कोरा बूट पहिल्याच दिवशी दौडीला घालू नका. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी बॅरेकमध्ये तास-दोन तास घालून हिंडा, उकिडवे बसा-उठा, म्हणजे बोटांमागे जिथे चामडं मुडपतं तिथे ते नरम होईल. लोकरी मोज्याच्या आत पातळ सुती मोजा घातला की घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. मोज्यावर सुरकुती राहू द्यायची नाही. नखं सरळ आडवी कापा, कोपरे खोल कोरू नका.

फोड आलाच तर वरची कातडी काढून टाकू नका, तीच खालच्या जखमेचं झाकण असते. कडेला स्वच्छ सुईने टोचून पाणी काढा, कातडी जागच्या जागी दाबा, चिकटपट्टी लावा. फोड लाल झाला, ठणकायला लागला किंवा पू धरला तर सकाळच्या सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या हजेरीला, जा. एमआय रूमला (सेंटरच्या दवाखान्यात) जाणं म्हणजे भेकडपणा नव्हे. फोड लपवून आठवड्याने सुजलेला पाय घेऊन जाणं हा शुद्ध गाढवपणा, कारण मग ट्रेनिंगचे दिवस बुडतात आणि मागच्या बॅचबरोबर बसावं लागतं.

आता चमक. टोकाला आणि टाचेला आरसा हवा, बाकीच्या बुटाला साधं पॉलिश. कृती अशी:

1. बुटावरची माती ओल्या फडक्याने काढा, शिवणीतली जुन्या दातब्रशने. बूट पूर्ण वाळू द्या.
2. सगळ्या बुटाला ब्रशने पॉलिशचा पातळ हात द्या, दहा मिनिटं थांबा, दुसऱ्या कोरड्या ब्रशने मारा.
3. जुन्या बनियनचं फडकं दोन बोटांवर ताणून गुंडाळा, मागे पीळ देऊन मुठीत धरा. फडक्याला सुरकुती असेल तर चमकेत रेघ उमटते.
4. फडक्यावर नखाएवढं पॉलिश घ्या, टोकावर छोट्या-छोट्या गोलांत फिरवा. आधी मळकट दिसेल, दिसू द्या.
5. डबीच्या झाकणात पाणी घ्या. एक थेंब टोकावर, पुन्हा तेच गोल, हात हलका. मळकटपणा जाईपर्यंत.
6. पुन्हा किंचित पॉलिश, पुन्हा थेंब. असे दहा-बारा थर. शेवटचे दोन-तीन फक्त पाण्याचे.

पहिल्या वेळी दोन संध्याकाळी जातात, नंतर रोज दहा मिनिटं पुरतात. बिघडतं ते घाईने. पॉलिश जाड थापलं की चमक येते, पण सकाळच्या पहिल्या कदमतालाला तिचे पापुद्रे पडतात. जिथे बूट मुडपतो तिथे थर चढवूच नका, तिथे तो टिकणं शक्यच नाही. आणि कोऱ्या चामड्याचे बारीक दाणे बसवायला कुणीतरी तापवलेल्या चमच्याची युक्ती सांगेल. ती युक्ती खरी आहे, पण कोमट चमच्याची. लालबुंद चमच्याने चामडं आक्रसतं आणि शिवणीचा दोरा जळतो. आधी आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूला चमचा सोसवतो का बघा. हाताला सोसवला तरच बुटाला.

डीएमएस बुटाचा तळवा वरच्या चामड्यावर थेट साच्यात ओतलेला असतो, गावच्या मोच्याने टाके घालावेत असा तो नसतो. म्हणून ओला बूट शेकोटीजवळ किंवा चुलीच्या कडेला वाळवायचा नाही. चामडं तडकतं, तळवा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सावलीत वाऱ्याला आडवे ठेवा. बेळगावच्या पावसाळ्यात हे रोजचं काम आहे. तिथे जून ते सप्टेंबर बूट दोन दिवस ट्रंकेत बंद राहिले की पांढरी बुरशी येते.

लेस आडव्या समांतर पट्ट्यांत, पीळ न पडता. गाठीची टोकं आत खोचलेली. लोंबणारी टोकं उस्तादांना मैदानाच्या पलीकडून दिसतात, तुम्ही दिसत नसलात तरी.

बेरे, बकल, इस्त्री

नवी बेरे डोक्यावर तव्यासारखी बसते. ती कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, दोन तळव्यांत दाबून पाणी काढा. घाला, पट्टी भुवईच्या दोन बोटं वर आणि सरळ, बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्यावर, बाकीचं कापड उजवीकडे ओढून कानाकडे खाली बसवा. अर्धा-पाऊण तास तशीच डोक्यावर ठेवा, मग डोक्याएवढ्या पालथ्या भांड्यावर रात्रभर. उकळत्या पाण्यात टाकलीत तर लोकर आटते आणि बेरे धाकट्या भावाला होते. वरची लव जास्त वाटली तर नव्या पात्याने अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने काढा.

बेल्टच्या पितळी बकलाला ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावताना मागे पुठ्ठ्याची खाच कापून सरकवा, म्हणजे वेबवर पांढरे डाग पडत नाहीत. ब्रासो सुकल्यावर पुसा. ओला पुसला की नुसता जागा बदलतो.

15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी समोर आलेला डिजिटल छापाचा लढाऊ गणवेश ज्यांना मिळेल त्यांचं काम बरंच हलकं: त्याचा शर्ट बाहेर असतो आणि त्याला खळ लागत नाही. बाकी कपड्यांना इस्त्री करताना सगळ्यात आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. जुन्या घडीवर दुसरी घडी पडली की बाहीवर रेल्वेचे दोन रूळ दिसतात. आधी पाणी शिंपडून जुनी घडी मोडा, मग नवी घाला. इस्त्री एक आणि रांगेत वीसजण असतील तर पॅन्ट किंचित ओलसर करून, घडी नीट जुळवून गादीखाली घालायची आणि वर झोपायचं. फक्त रात्रभर एकाच कुशीवर झोपायची तयारी हवी.

खाट आणि तपासणी

चादर चारी कोपऱ्यांशी गादीखाली ताणून खोचा. ब्लँकेट आणि मच्छरदाणीच्या घड्या सारख्या रुंदीच्या, एकावर एक, मोकळ्या कडा भिंतीकडे. समोरून बघणाऱ्याला फक्त गोल मुडपलेली बाजू दिसली पाहिजे. माप जुळत नसेल तर आत पुठ्ठा घालून ठोकळा सरळ करतात. उस्तादांनाही हे माहीत असतं आणि कधीकधी ते ठोकळा उचलून पुठ्ठा खाली पाडतात, तेव्हा बेताने. तपासणीच्या आदल्या रात्री पोरं खाट करून ठेवतात आणि दरी अंथरून खाली झोपतात. चालतं, पण मच्छरदाणी खालीही लावा. ती न लावणं हा हिवतापाच्या दृष्टीने गुन्हा धरला जातो, आणि सूर्य मावळल्यावर बाह्या खाली करायचा नियमही त्याचसाठी आहे.

किट-लेआउट, म्हणजे तपासणीसाठी किटची मांडणी, लावताना ग्राउंड शीट अंथरा आणि बॅरेकच्या पहिल्या खाटेवर मांडणी कशी आहे ती बघून तशीच करा. इथे कल्पकता दाखवायची नसते. वस्तू वापरलेली पण स्वच्छ दिसावी. दातांचा ब्रश कोरा करकरीत दिसला तर ‘दात कशाने घासतोस?’ हा प्रश्न येतोच. ट्रंकेखालची आणि खाटेच्या पायाखालची धूळ विसरू नका, पांढरा रुमाल आधी तिथेच जातो.

सकाळ, लंगर, रगडा

पन्नास-साठ पोरं, नळ आठ-दहा आणि शौचालयांसमोर रांग. शिट्टीच्या वीस मिनिटं आधी उठलात तर रांग नाही. शिट्टीबरोबर उठलात तर नंबर लागेपर्यंत पीटीचं फॉल-इन (रांगेत हजर होणं) झालेलं असेल. दाढी रात्रीच करा, पण उशिरा, म्हणजे सकाळी हनुवटीवर हात फिरवला तरी निभावतं. पीटीचे कपडे घालण्याच्या क्रमाने पायथ्याशी, मोजे बुटात, बाटली काठोकाठ भरलेली. अर्धी बाटली पळताना डचमळते, कमरेवर आपटते आणि आवाज करते.

लंगरच्या (भोजनगृहाच्या) चहाचा मग स्टीलचा असेल तर त्याचा काठ चहापेक्षा जास्त चटका देतो. मिनिटभर थांबा किंवा रुमाल धरा. जेवण भरपूर असतं, वेळ नसतो. वाढप्याशी ‘थोडं कमी’ असा वाद घालू नका, आणि घेतलेलं टाकू नका. थाळी लगेच धुवा, तूप गोठल्यावर गार पाण्याने ती निघत नाही.

शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’, जेसीओंना (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांना) ‘साब’. स्वतःचा नंबर पहिल्याच रात्री पाठ करा, झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. हिंदी मोडकी चालते. ‘उस्ताद, मेरा गुडघा दुखता है’ हे सगळ्यांना समजतं. गप्प उभं राहणं कुणालाच समजत नाही. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’, ‘पीछे मुड’, ‘थम’ हे हुकूम घरूनच पाठ करून जा. शिक्षा म्हणजे रगडा बहुधा एकाच्या चुकीचा सगळ्यांना मिळतो. तेव्हा ‘चूक कुणाची?’ हे तिथे विचारू नका. ते बॅरेकमध्ये आपोआप ठरतं.

पिट्ठू भरताना

पिट्ठूत जड वस्तू पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला, हलकं-मऊ सामान बाहेरच्या बाजूला आणि बुडाशी. उलटं भरलं तर वजन मागे ओढतं, तुम्ही पुढे वाकता आणि दुसऱ्या किलोमीटरला कंबर बोलते. पट्ट्या आवळून बुड कमरेच्या वरच राहील असं बघा. भरून झाला की जागच्या जागी दहा उड्या मारा. जे वाजतं ते मोज्यात गुंडाळा. पावसाळी शेवटी, सगळ्यात वर, कारण पाऊस सगळं उपसायला वेळ देत नाही. लढाऊ साजासह पळायची चाचणीही असते. त्या दिवशी नवा मोजा, नवी लेस, नवी पट्टी काहीही अंगावर चढवू नका.

आणि घरचा डबा

आई लाडू-चिवडा देणारच, आणि तो न्यावाही. पण ट्रंकेत दडवून महिनाभर पुरवायचा बेत करू नका. आधी मुंग्या येतात, मग उंदीर, आणि उंदराने लाडवाबरोबर जर्सीची बाही कुरतडली तर जर्सीचे पैसे तुमचे. डबा पहिल्याच रविवारी उघडा आणि आजूबाजूच्या चार खाटांना वाटा. त्यातल्याच एकाकडे इस्त्री असते, एकाला वॉटर पॉलिश जमतं, आणि एकजण शिट्टीच्या आधी उठून तुम्हालाही हलवतो. डबा रिकामा झाला की फेकू नका. पॉलिश, ब्रश, फडकं आणि ब्रासो ठेवायला तो बरोबर मापाचा असतो, झाकणावर तेवढा नंबर टाका.